शॉर्टस्टॉपचे बाबा

लॉकर रूमच्या भिंतीवर दुपारच्या मॅचची टीम लागली होती. अथर्वच्या नावापुढे शॉर्टस्टॉप नव्हतं, लेफ्ट फील्ड होतं. बेसबॉलचे नऊ सीझन तो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, शॉर्टस्टॉपच्या जागी, उभा राहिला होता. तिथे जमिनीवरून सणसणत येणारा चेंडू उचलायचा आणि पार पलीकडे पहिल्या बेसवर फेकायचा, तोही बॅटर धावत पोचायच्या आत. लेफ्ट फील्ड म्हणजे लांबवर, गवतात, जिथे असे घाईचे थ्रो क्वचितच करावे लागतात.

तो मॅनेजर होल्कमच्या खोलीत गेला.

"खांद्याचं मला सांगायला हवं होतंस," होल्कम म्हणाला.

"कुठल्या खांद्याचं?"

"आता पुरे. फॅमिली डेला तुझे वडील आले होते. फार सज्जन माणूस. त्यांनी आणलेली ती काटेरी चक्रं माझ्या बायकोने एका बैठकीत संपवली." मग त्याचा आवाज उतरला. "तू उरलेला सीझन लेफ्ट फील्डला. कॉन्ट्रॅक्टचं ऑफिस बघेल. तुझ्या खांद्याचं मला त्यांच्या कानावर घालावं लागलं."

अथर्वने खांद्याचं एकाच माणसाला सांगितलं होतं. जूनमध्ये तो सुट्टीला बेलव्ह्यूला घरी गेला, तेव्हा वरच्या फळीवरचा कुकर काढताना त्याचा उजवा हात अर्ध्यातच थांबला आणि ते बाबाने पाहिलं. मग तिथेच ओट्याला टेकून अथर्वने सगळं समजावून सांगितलं. कॉन्ट्रॅक्ट या वर्षी संपतंय. तिशी उलटलेला शॉर्टस्टॉप अजून कुणीतरी घेईल. पण माझी बॅटिंग बेताची, त्यात खांदा गेलाय असं कळलं, तर मला कुणी दारात उभं करणार नाही. ऑक्टोबरपर्यंत ढकलतो, मग ऑपरेशन करतो. बाबाने मान डोलावली होती. "मी कशाला कुणाला बोलतोय," असंही म्हणाला होता.

पार्किंग लॉटमध्ये जाऊन त्याने फोन लावला.

"बाबा, तू होल्कमला सांगितलंस?"

"हो, म्हणजे सहज विषय निघाला," त्याचे बाबा सुमंत म्हणाले. "मी म्हटलं, पोराचा खांदा दुखतो, तो स्वतः बोलणार नाही, तुम्ही जरा लक्ष ठेवा. माणूस चांगला वाटला रे. माझा हात हातात घेतला त्याने."

"मी तुला नको म्हटलं होतं."

"अरे, बाहेर नको म्हणालास. तो बाहेरचा आहे का? तुझी जबाबदारी आहे त्याच्यावर. शाळेत तुला दमा होता, तेव्हा तुझ्या टीचरला जाऊन सांगितलंच होतं ना मी?"

"तो टीचर नाहीये, बाबा. त्याला मी चालतो तोवर हवाय."

"आणि हात कायमचा गेला असता म्हणजे?"

"तो माझा हात आहे."

"मी तुझ्या चांगल्यासाठीच केलं," सुमंत म्हणाले.

"आय नो," अथर्व म्हणाला. त्याचाच त्याला जास्त राग येत होता. वाईटासाठी केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

मॅचमध्ये चौथ्या इनिंगला एक चेंडू शॉर्टस्टॉपच्या उजवीकडे लांब गेला. अथर्वचे पाय लेफ्ट फील्डमधून आपोआप पुढे सरकले आणि थांबले. त्याच्या जागी आलेल्या खेळाडूने चेंडू पकडला, पण थ्रो पोचायला उशीर झाला. तो थ्रो आपण वेळेत पोचवला असता, हे अथर्वला नक्की माहीत होतं. दुखलं असतं, पण पोचला असता. त्याने मॅनेजरच्या बाकाकडे पाहिलं. होल्कम टाळ्या वाजवत होता.

मॅच संपल्यावर बाबाचाच फोन आला. आवाज जरा चाचरत होता.

"टीव्हीवर पाहिलं. सहाव्या इनिंगला लांबून फेकलास. दुखलं का रे?"

खांद्यापासून कोपरापर्यंत ठणकत होतं.

"नाही," अथर्व म्हणाला.

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही, बाबा. बरं आहे आता."

"अगं, दुखत नाहीये म्हणे," पलीकडे सुमंतांनी मोकळ्या आवाजात आईला सांगितलं. अथर्वने ते ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मग दाताने फाडून बर्फाची दुसरी पिशवी उघडली.