टाकीखालची पिवळी फुलं

गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाईंना सगळे मास्तरीणबाईच म्हणत. शिकाऊ माणसाने गाडी नाल्यात घालायची वेळ आणली, तरी त्यांचा आवाज चढत नसे. अशाच एका नाल्याच्या काठी, एकाला गाडी मागे घ्यायला शिकवताना, त्यांना चिखलात कमरेएवढी वाढलेली पिवळी रानफुलं दिसली.

"ही आपल्या घरी लावणार," त्यांनी जाहीर केलं.

रोपं उपटणं त्यांच्या मनाला पटेना. पिकलेल्या बोंडांतलं चिमूटभर बी तेवढं आणलं आणि त्यातलं थोडं गच्चीवरच्या कुंड्यांत पेरलं. रोपं उगवली, पण उन्हामुळे त्यांनी चार दिवसांत माना टाकल्या.

"झालं समाधान?" नवऱ्याने विचारलं.

"जागा चुकली. फुलाचा काही दोष नाही."

मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीखाली खोलगट जागा होती. टाकी भरून वाहिली की पाणी तिथेच जिरे. माती कायम ओली. गुलाबसुद्धा तिथे कुजला होता. कंटाळून नवऱ्याने फरशी बसवायला गवंडी बोलावला. तो सिमेंट घेऊन आला, तेव्हा मास्तरीणबाई बाह्या सरसावून खड्ड्यात उभ्या होत्या.

राहायला आलेली मोठी नणंद दारातूनच ओरडली, "अगं वहिनी, डासांचं माहेरघर होईल!"

"पाणी साचलं तर ना, वन्सं! मी पालापाचोळ्याचं खत नि माती भरून खड्डा वर आणतेय. पाणी नुसतं मुरेल."

"मग मी काय करू?" गवंड्याने विचारलं.

"भोवती विटा लावा. आणि वाहून गेलेलं पाणी इकडेच येईल असा उतार द्या."

गवंड्याने नवऱ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? स्टिअरिंग तिच्याकडे आहे!"

उरलेलं बी तिथे पडलं. पहिल्या वर्षी नुसती पानंच आली. "छान पाला पिकवलास," नणंद फोनवर म्हणाली. बाई हसल्या. "मुळं धरतायत. धरू द्या."

पुढच्या वर्षी दांडे सरसरून वर आले आणि एका सकाळी सगळा कोपरा पिवळाधमक झाला. मधमाश्यांची नुसती झुंबड. नणंद आली ती आधी मागच्या दारी गेली.

"थोडं बी मलाही दे गं," ती हळूच म्हणाली.

मास्तरीणबाई तोंड उघडणार, तोच नवरा पुढे सरसावला. "देऊ की! पण ताई, ओल मोडू द्यायची नाही. खत कसं भरायचं ते आम्ही येऊन दाखवू."

'आम्ही' ऐकून बाईंनी भुवया उंचावल्या. मग खुरपं त्याच्या हातात देत म्हणाल्या, "चला, आधी इथलं तण काढून दाखवा."