करकोच्याची आई

मी आई बोलतेय. हसू नका, ऐका. मी एका करकोच्याची आई, आणि जन्माने म्हणाल तर मोजा. राखाडी, लोकरीचा, गुडघ्यापर्यंत येणारा.

मला आईपण दिलं शिवणकाम करणाऱ्या काकूनं. तिच्या दुकानासमोर पक्ष्यांचा दवाखाना होता. तिथली डॉक्टर एकदा हातात टोपलं घेऊन धावत आली. टोपल्यात एकच अंडं. तळ्याकाठी मोकाट कुत्र्यांनी करकोच्यांचं जोडपं हुसकावलं होतं आणि अंडं मागे राहिलं होतं.

"काकू, मला एक आई शिवून द्या."

"काय शिवून देऊ?"

"पिल्लानं डोळे उघडल्यावर माणूस पाहिला, तर ते माणसालाच आई समजेल. मग ते थव्यात जात नाही. त्याला जन्मभर पिंजरा."

काकूनं चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "मापं कोण देणार, तू?"

पण शिवली हो. माझ्या टोकात कापूस कोंबला, दोन लाकडी चमचे बांधून चोच केली. डोळ्याला मणी मिळेना, म्हणून नवऱ्याच्या कोटाचं चकचकीत पितळी बटण लावलं. डॉक्टर म्हणाली, "झकास." दोघी शहाण्या, पण पुढचं एकीलाही सुचलं नाही. मला शंका आली होती. पण मोज्याला विचारतंय कोण.

पिल्लू बाहेर आलं ते कापसाच्या बोळ्यासारखं. डोळे उघडले आणि समोर मी. काय सांगू, लोकर शहारली माझी.

नियम कडक होता. पिल्लापाशी जाताना डोक्यापासून पायापर्यंत राखाडी चादर, हातात मी, आणि तोंडातून चकार शब्द नाही. आता या दोघी म्हणजे गावभरच्या गप्पांचा कारखाना. काकू चादरीतून डॉक्टरला चिमटे काढायची, डॉक्टर तिच्या पायावर पाय द्यायची. एकदा डॉक्टरला उचकी लागली, तर काकूनं तिच्या तोंडात चादरीचं टोक कोंबलं. मीही काही कमी नाही. जिच्या हातात असेन तिच्या हातावरून अशी बरोबर निसटायचे, की चमचे तिच्याच नाकावर. बोंबलायची सोय नाही. काय मजा यायची.

मी चोचीत किडा धरायचे, लेक तो घ्यायची. मी चिखलात चोच खुपसायचे, तीही खुपसायची. पंख फुटल्यावर काकू चादर फडफडवत माळावर धावायची, मागून लेक. धावून धावून काकूचं गुडघेदुखीचं तेल संपलं, पण थांबली नाही.

मग पाहणीला वनखात्याचे मोठे साहेब आले. कडक कोट घालून. पाखरू माणसाला बिचकलं तरच सोडायचं, असं ठरलेलं. लेकीनं साहेबांना पाहिलं आणि लांब लांब ढांगा टाकत निघाली ती सरळ त्यांच्याकडे. कोटाच्या चकचकीत बटणाशी मान घासली, मग एक गांडूळ शोधून आणलं आणि लाडानं त्यांच्या खिशात सोडलं.

साहेब गांडूळ काढत म्हणाले, "हे माणसाळलंय. तळ्यावरचा थवा निघेपर्यंत सुधारलं तर ठीक, नाहीतर पिंजरा."

"माणसाळलं नाही हो," काकू माझ्याकडे बघत पुटपुटली. "बटणाळलंय."

त्याच दिवशी माझा डोळा उपटला गेला. जागी काळ्या दोऱ्याची गाठ. मी तक्रार केली नाही. पण लेकीच्या मनातलं बटण कसं उपटायचं?

काकूनंच तोड काढली. डब्यातली होती नव्हती ती बटणं एका कोटावर शिवली आणि कोट अंगात चढवला. चादर नाही, तोंड उघडं. हातात पातेलं नि पळी. मी डॉक्टरच्या हातात, चादरीखाली, लेकीच्या शेजारी.

लेकीनं ती चमचम पाहिली. चोचीत नाकतोडा धरून खुशीत काकूसमोर जाऊन उभी राहिली. काकूची पळी वर गेली ती तिथेच थांबली. जिला भरवलं, तिलाच हाकलायचं. हात खाली येईना.

डॉक्टरनं मला उंचावलं. धोक्याची आरोळी ठोकली, करकोचे ठोकतात तशी, आणि आम्ही पळत सुटलो. आई पळतेय म्हटल्यावर लेक गोंधळली. नाकतोडा पडला.

तेव्हा काकूनं पातेलं बडवलं. "नीघ. नीघ म्हणते ना. माणसाच्या वाऱ्याला उभी राहिलीस तर बघ." महिनोन्‌महिने कोंडलेलं तोंड सुटलं होतं. शेजारची कुत्री शेपूट घालून गेली. लेक धावली, पंख पसरले, आणि माझ्या डोक्यावरून उडून गेली. काकू ओरडतच होती आणि डोळे कोटाच्या बाहीला पुसत होती.

हे रोज चाललं. पुन्हा साहेब आले, तेव्हा फाटकापाशी त्यांचा बूट दिसताच लेक आभाळात. साहेबांनी खिसे चाचपले आणि हसून मान डोलावली. दोन दिवसांनी ती थव्याबरोबर गेली.

"एकदा मागे वळून बघायचं होतं तिनं," डॉक्टर म्हणाली.

"बघितलं असतं तर पुन्हा पातेलं आणलं असतं मी."

यंदा थवा तळ्यावर उतरलाय. सोडण्याआधी पायात घातलेल्या पिवळ्या कड्यावरून डॉक्टरनं दुर्बिणीतून लेक ओळखली. शेजारी जोडीदार होता. काकूला राहवेना. मला पिशवीत घालून ती काठाकाठानं पुढे गेली. लेकीनं मान वर केली, काकूला पाहिलं, आणि जोडीदाराला घेऊन भुर्रकन पलीकडच्या काठावर.

काकू चिखलात उभ्या उभ्या टाळ्या पिटायला लागली. "डॉक्टर, बघितलंस का गं? मला भ्याली. माझी पोर मला भ्याली."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या हसल्या, की पिशवी चिखलात पडली. माझं तोंड बरबटलं. ते कुणाला दिसतंय.

तेव्हा बाळांनो, तळ्यावर गेलात आणि तुम्हाला बघून एखादं पाखरू उडालं, तर तोंड वाकडं करू नका. लांब उभे राहा, उडू द्या त्याला. त्याला तेवढं शिकवताना कुणाचातरी जीव मेटाकुटीला आलेला असतो.