ओहोटीची फळी

मी एक जुनी सागाची फळी आहे. मनोरीच्या धक्क्यावर माझा मुक्काम. भरतीला मार्व्याहून येणारी होडी थेट धक्क्याला लागते, तेव्हा मला कुणी विचारत नाही. ओहोटीला मात्र खाडी मागे सरते, गुडघाभर चिखल उघडा पडतो, मला त्यावर टाकूनच होडीपर्यंत जाता येते आणि मग माझ्यावाचून सगळ्यांचे अडते. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरे काय!

हरेश्वर नाखव्याने मला एका फुटक्या होडीतून काढून रंधा मारला. नारळी पौर्णिमेला त्याची आई अंजनाबाई होडीबरोबर मलाही हळदकुंकू लावी. मासळीच्या पाट्या, नव्या नवऱ्या, गणपतीच्या मूर्ती माझ्या पाठीवरून गावात आल्या. मित्रांनो, मला त्याचा फार गर्व होता.

गिरण्यांच्या संपानंतरची ती वर्षे. आमच्या गावात मोटारीचा भोंगासुद्धा ऐकू येत नसे, म्हणून शहरातले लोक सुट्टीला येत. एका मे महिन्यात मुलुंडहून गुणाजी आणि त्याची बायको वनमाला आली. गिरणी सुटल्यावर गुणाजीला नुकतीच कुठे नोकरी लागली होती. माणूस वाईट नव्हता. पण आला तो भरतीला, आणि मी रिकामी पडलेली त्याला दिसले.

"अहो, कुणाची तरी असेल ती," वनमाला म्हणाली.

"कोणाची नाय गो! वाहून इली असतली. जेवून झाल्यावर ठेवूया परत."

त्याने मला सुरूच्या बनात नेले आणि दोन दगडांवर ठेवून माझे टेबल केले. माझ्यावर कोंबडीवडे मांडले. जेवण झाले, वारा छान सुटला आणि दोघांचा डोळा लागला.

दुपारी पाणी ओसरले. तेवढ्यात धक्क्याकडून अंजनाबाईचा आवाज आला.

"हरेश्वर, फली कुठं हाय रं? शेवंतीला कला सुटल्यान!"

शेवंती तिची सून. दिवस भरायच्या आतच पोटात दुखू लागले होते आणि दवाखाना खाडीपलीकडे.

"हितंच टाकली व्हती, आये! हितंच!"

मी सगळे ऐकत होते. माझ्यावर रश्श्याचे डाग आणि हाडे. मला पाय असते तर धावत गेले असते हो!

बराच वेळ शोधून शेवटी चौघांनी शेवंतीला उचलले आणि ते चिखलात उतरले. मध्येच एकाचा पाय रुतला, तोल गेला, सगळे कोसळले. तिची किंकाळी ऐकून गुणाजी दचकून उठला. काय झाले ते कळताच मला डोक्यावर घेऊन तो अनवाणी धावत सुटला. आम्ही पोहोचलो तेव्हा होडी खाडीच्या मध्यावर होती.

शेवंती वाचली. बाळ वाचले नाही.

फळी असती तर ते वाचले असते का, हे कुणीच सांगू शकत नाही. मीही नाही. गुणाजी संध्याकाळपर्यंत धक्क्यावर मान खाली घालून बसून होता. अंजनाबाईने खाडीच्या पाण्याने माझ्यावरचे डाग घासून काढले, आणि घासता घासता ती रडत होती.

दुसऱ्या दिवशी हरेश्वरने मला भोक पाडले आणि दोराने खांबाला बांधले. तेव्हापासून मी बांधलेलीच आहे. मित्रांनो, परक्या गावात एखादी वस्तू नुसती पडलेली दिसली, तर हात लावण्याआधी कुणाला तरी विचारा.

दोर पाहून पाहुणे आजही हसतात. "फळी कोण चोरणार?" म्हणतात.

चोरली कुणीच नव्हती हो. जेवायला घेतली होती.