थांबलेला हात

जिलानीनं शिल्पाचा अंगठा तळव्याकडं दुमडला आणि पहिली हिरवी बांगडी बोटांवरून अलगद आत सरकवली.

दुकानाच्या पायरीवर त्याचा भाऊ मुज्तबा बसून होता. लातुरात क्लासेसचं पीक आलं होतं. गल्लीतली कितीतरी दुकानं उठून तिथं काळे फळे लागले होते, आणि या जागेवरही एका मास्तरचा डोळा होता. जागा त्याला देऊन टाक म्हणून मुज्तबा फारच मागं लागल्यावर जिलानी तोऱ्यात बोलून बसला होता, नवरीच्या चुड्यातली एक जरी बांगडी माझ्या हातून वाढली, तर दुकानाची किल्ली तुझी. बांगड्या भरणारा मनियार बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. आणि नवरीच्या हातात वाढणं तर लईच वाईट. गौसिया, त्याची बायको, त्या पैजेवरून अजून धुसफुसत होती.

भूकंपात दगडी भिंत डोक्यावर पडूनही जिलानी वाचला, ही अल्लाची मेहेरबानी. जखम भरली, चालणं-बोलणं आलं. धंदा मात्र येईना. बांगडी भरता भरता तो मधेच थांबायचा. डोळे उघडे, पण हाकेला ओ नाही. मूठ आवळायची आणि बांगडी कचकन वाढायची. नंतर त्याला काही आठवायचं नाही. लोक म्हणाले, याचं मनच उडालं. बाया हळूच गौसियापुढं हात करू लागल्या, आणि तो मान खाली घालून दोऱ्यात बांगड्या ओवत बसायचा.

नांदेडच्या डॉक्टरनं डोक्याला तारा लावून आलेख काढला तेव्हा उलगडा झाला. मेंदूतली वीज मधूनच भलतीकडं उसळत होती. ती उसळली की हातातलं काम जायचंच, नव्यानं शिकलेलंही विस्कटायचं, म्हणून सुधारणा अडून बसली होती. लाईट ये-जा करत असली की गिरणीत दळण नीट पडत नाही, तसंच की, गौसिया म्हणाली. गोळ्या सुरू झाल्या. ती ताटात भाकरीआधी गोळी ठेवायची. हळूहळू झटके थांबले आणि तिच्याच मनगटावर रोज बांगड्या भरून-उतरवून तो पुन्हा धंदा शिकला.

दुखण्यानंतर नवरीचा चुडा मात्र आज पहिलाच. शिल्पाची आई साखराबाई औशाहून मुद्दाम आली होती. माझा चुडा यांनीच भरला, लेकीचाबी तेच भरतील, असा तिचा हट्ट.

डावा हात भरला. उजव्या हाताची शेवटची बांगडी अंगठ्याच्या हाडावर आली आणि जिलानीचा हात थांबला.

मुज्तबा उठून उभा राहिला. साखराबाईनं पदर तोंडाशी नेला. गौसियानं हाक मारली. ओ नाही. तिनं बांगडी धरायला हात पुढं केला.

"थांब," जिलानी म्हणाला. त्याची नजर शिल्पाच्या हातावरून हलली नव्हती. "पोरीचा हात ताठ हाय. सैल पडू दे."

मग शिल्पाला म्हणाला, "घाबरू नको, लेकी. मी हाय की."

शिल्पानं श्वास सोडला. बांगडी हाडावरून उतरून बाकीच्यांत जाऊन बसली.

नवरी मनियाराच्या पाया पडली. साखराबाईनं डोळे पुसले. मुज्तबानं किल्लीचा विषय काढला नाही. आत येऊन तो रिकामे दोरे गोळा करू लागला.

"हात आण इकडं," जिलानी गौसियाला म्हणाला. "एक उरलीय."

त्यानं ती हिरवी बांगडी रोजच्यासारखी तिच्या मनगटात भरली. आज उतरवली मात्र नाही.