मालडब्याची चाकं

दारव्ह्याचे पुंडलिकराव तीस वर्षं स्टेशनमास्तर होते. झेंडी त्यांनी हजारदा दाखवली असेल, पण डब्याखाली वाकून कधी पाहिलं नाही. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना रेल्वेचा पुळका आला. चावीचं इंजिन, वीतभर डबे, ओसरीभर रूळ. एकसष्ट सालच्या शाळेच्या प्रदर्शनात ही गाडी ठेवायची ठरली.

कापसाच्या मालडब्यासाठी त्यांनी मुंबईहून पितळी चाकं मागवली, छापील कागदासकट. इकडे डोमाजीनेही चाकं केली होती. डोमाजी स्टेशनवरचा खलाशी; हातोडीने चाक ठोकून नुसत्या आवाजावरून चीर ओळखणारा. कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या लेथवर लोखंड कातून त्याने चार-चार चाकांच्या दोन चौकटी बनवल्या. अट एकच: डबा त्याच्या चाकांवर चालला, तर प्रदर्शनात डब्याशेजारी ठेवायच्या चिठ्ठीवर त्याचं नाव हवं. छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून तो पूर्ण नाव सांगायचा, डोमाजी तुकाराम खोब्रागडे.

प्रदर्शनाच्या सकाळी पुंडलिकरावांनी भिंगातून दोन्ही चाकं पाहिली.

"डोम्या, तुहे चाकं तिरपे हायेत ना! हे पाह्य मुंबईचं, कसं सपाट!"

"मास्तरसाहेब, रेल्वेचं चाक सपाट नसते. वळणावर त्याले उतार लागते, नाही तं पडते."

"तीस वर्षं नोकरी केली म्या. मले शिकवतं काय?"

पितळी चाकं ऐटीत निघाली. चहाच्या खोक्यापाशी, ज्याला ते बोरी अरबचं वळण म्हणत, डबा आडवा झाला. तीनदा निघाला, तीनदा कापूस सांडला. मग डोमाजीच्या चौकटी लावल्या. डबा सात फेऱ्या निमूट फिरला.

"चालनारच! रूळ कोनं मांडले?" असं म्हणून पुंडलिकरावांनी मला चिठ्ठी सांगितली. मी शाळेचा कारकून, अक्षर चांगलं. 'निर्मिती: पुंडलिकराव.' मी मान खाली घालून लिहिलं. त्याची मला आजही लाज वाटते.

डोमाजीने चिठ्ठी सावकाश वाचली. डबा उलटा केला, दोन्ही चौकटी सोडवल्या आणि खिशात घातल्या.

"नाव राहू द्या, मास्तरसाहेब. चाकं माहे हायेत, थे नेतो."

पाहुणे आले तेव्हा मालडबा रुळावर पोट टेकून बसला होता. शेजारी माझ्या सुंदर अक्षरातली चिठ्ठी.

"हा कशावर चालतो?" एकाने विचारलं.

पुंडलिकराव छताकडे पाहू लागले. माझं धाडस व्हायला जरा वेळ लागला. "डोमाजी तुकाराम खोब्रागडे यांच्या चाकांवर," मी म्हणालो.

तोवर पाहुणे लोणच्यांच्या टेबलाकडे गेले होते.