अठ्ठ्याऐंशी चाके आणि एक रायफल

त्या दुपारी चिंचवडच्या सायडिंगवर एकवीस वाघिणी उभ्या होत्या. मित्रांनो, रेल्वेत मालाच्या डब्याला वाघीण म्हणतात. वाघिणींच्या मागे गार्डचा एक डबा होता. प्रत्येकाला चाके चार, म्हणजे एकूण अठ्ठ्याऐंशी. शिवाय तिथे रायफल एक होती आणि हातोडी एक. ती हातोडी मी.

मी एक जुनी, लांब दांड्याची हातोडी आहे. १९६२ साली रेल्वेच्या लोहारशाळेत माझे डोके घडले. तेव्हा ते बरोबर साडेबाराशे ग्रॅम भरले होते. त्यात बाभळीचा तीन फुटी दांडा ठोकून मला गाडीतपासनीस उद्धवरावांच्या हाती दिले. गाडी सुटण्यापूर्वी ते माझ्या डोक्याने प्रत्येक चाकावर एक ठोका मारत. चाक धड असेल तर घंटेसारखा 'टण्ण' असा नाद येई. चाकाला तडा असेल, किंवा ब्रेकचा ठोकळा चाकाला टेकलेला असेल, तर नाद मरे आणि नुसते 'थड' ऐकू येई. वाजत्या घंटेला बोट लावून पाहा, म्हणजे हे तुम्हाला समजेल.

उद्धवराव नाद पूर्ण विरेपर्यंत पुढच्या चाकाकडे जात नसत. इतर तपासनीस वीस मिनिटांत गाडी उरकत. त्यांना पस्तीस मिनिटे लागत.

"उद्धवराव, देवळात आलात काय घंटा वाजवायला?" स्टेशनमास्तर ओरडत.

"देवळातली घंटा फुटली तर देव मरत नाही, मास्तर," उद्धवराव म्हणत आणि पुढचे चाक वाजवत.

सहा वर्षे त्या सायडिंगवर माझ्याइतका मान कुणाला नव्हता. निदान मला तसे वाटे. मग १९६८ साली रायफल आली.

त्याचे कारण असे झाले. आमच्या कारखान्यांचा माल, म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी आणि बेअरिंगच्या पेट्या, वाटेत चोरीला जाऊ लागला. देहूरोडच्या पुढे ओसाड माळ लागतो. तिथे गाडी आपोआप थांबे, झुडपांतून माणसे येत, वाघिणीचे दार फोडत आणि माल घेऊन जात. आडवे येणाऱ्या गार्डवर दगड पडत. म्हणून प्रत्येक मालगाडीबरोबर संरक्षण दलाचा एक हत्यारी जवान जाऊ लागला. आमच्याकडे आला तो श्याम, साताऱ्याकडचा, तेवीस वर्षांचा.

रायफलीला रात्री ऑफिसात साखळी आणि कुलूप असे. मी बाकाखाली झाडूशेजारी पडून असे. क्वार्टर्समधली मुले तिला पाहायला येत आणि जाताना मला ओलांडून जात. सांधेवाला मालोजी आकुर्डीचा, रूळ बदलण्याचे काम करणारा. तोसुद्धा लांबून हात जोडून म्हणाला, "लई देखणी हाय, राव. निस्ती बघितली तरी चोर पळंल." हाच मालोजी माझ्या दांड्याने पाठ खाजवत असे.

हेही मी सोसले असते. पण एके दिवशी श्यामने विचारले, "काका, तेलाचं एखादं मऊ फडकं आहे का? नळी पुसायचीय." आणि उद्धवरावांनी माझे फडके त्याला दिले. सहा वर्षे त्या फडक्याने ते फक्त मला पुसत होते. त्या दिवसापासून मी रायफलीचे वाईट चिंतू लागले. ती चिखलात पडावी, तिला गंज चढावा, ऐन वेळी तिने दगा द्यावा, असे मी रोज मनात म्हणत असे.

मित्रांनो, माझे म्हणणे खरे झाले. १९६९च्या डिसेंबरात गाडी पुन्हा त्या माळावर थांबली. दुसऱ्या दिवशी श्याम परत आला तेव्हा रायफलीचा पट्टा तुटला होता आणि नळीत माती भरली होती. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मग श्याम बाकावर बसला. त्याच्या कपाळावर सात टाके होते.

"गोळी का नाही झाडलीस?" उद्धवरावांनी हळूच विचारले.

"झाडणार कुणावर, काका? मधे आपला गार्ड उभा होता. विचार करेपर्यंत दगड बसला."

उद्धवरावांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी मोडून त्याच्यापुढे ठेवली. मी त्या टाक्यांकडे पाहिले नाही.

पण संकट त्याहून मोठे होते आणि ते उद्धवरावांवर आले. सगळ्या वाघिणींखालून एक रबरी नळी जाते. इंजिन त्या नळीतली हवा ओढून घेते, म्हणून ब्रेक सुटलेले राहतात. नळीचा जोड निखळला की बाहेरची हवा आत शिरते आणि साऱ्या गाडीचे ब्रेक लागतात. आतापर्यंत झालेल्या तिन्ही चोऱ्यांच्या वेळी जोड निखळलेला सापडला होता, आणि जोड तपासण्याचे काम उद्धवरावांचे. वरून कागद आला : तपासणीत हयगय. पुन्हा असे घडल्यास निलंबन.

"हयगय?" उद्धवराव कागद घडी घालत म्हणाले. "लोक म्हणतील, म्हातारा चोरांना सामील आहे."

"कोण म्हनंल?" मालोजी म्हणाला.

"मीच म्हटलं असतं, दुसऱ्या कुणाच्या वेळी तीनदा जोड सुटला असता तर."

आता त्या दुपारकडे येऊ. अठ्ठ्याऐंशी चाकांकडे.

इंजिन जोडले, हवा ओढली गेली, ब्रेक सुटले. उद्धवरावांनी प्रत्येक जोड दोन्ही हातांनी ओढून पाहिला आणि मग मला उचलले. एका बाजूची सतरा चाके टण्ण वाजली. अठरावे, म्हणजे नवव्या वाघिणीचे मागचे चाक, थड वाजले.

ब्रेक अडकला असेल, म्हणून त्यांनी ब्रेक सोडण्याचा दांडा ओढला आणि पुन्हा ठोका मारला. थड. ते इंजिनाला वळसा घालून पलीकडे गेले. त्या बाजूचेही तेवढेच एक चाक थड वाजले. त्याच वाघिणीची पुढची दोन चाके मात्र टण्ण वाजत होती. उद्धवराव जागीच उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांनी त्या चाकावर पुन्हा ठोका मारला.

टण्ण.

"लोखंड असं मत बदलत नाही," ते स्वतःशी पुटपुटले.

त्यांनी वाकून पाहिले नाही. ते शांतपणे पुढचे चाक वाजवत म्हणाले, "श्याम, चहाला ये रे इकडे."

"काका, ड्यूटीवर आहे."

"म्हणूनच बोलावतोय. मालोजी, तूही ये पलीकडून. इंजिन हलवू नका म्हणावं ड्रायव्हरला."

दोघे दोन बाजूंना आले, तेव्हा उद्धवराव वाघिणीखालच्या अंधाराला म्हणाले, "खाली ये बाबा. गाडी हलली तर तुझा पाय तिथंच राहील."

मग काळ्या गोणपाटात गुंडाळलेला एक बारकासा माणूस सरपटत बाहेर आला. त्याच्या हातात लोखंडी आकडा होता. चाकांमधल्या ब्रेकच्या आडव्या दांड्यावर तो बसला होता. त्याच्या वजनाने ब्रेकचे ठोकळे दोन्ही चाकांना टेकले होते. तो सरकला, तेव्हा ते सुटले. माळावर पोचल्यावर तो आकड्याने नळीचा जोड ओढून काढत असे.

श्यामने रायफल खांद्याला लावली. माणसाने आकडा टाकला.

"आयला," मालोजी म्हणाला, "आन आमी उद्धवरावास्नी बोल लावत व्हतो."

"तू म्हणाला होतास कोण म्हणेल?"

"मनात म्हनत व्हतो."

त्या माणसाने सांगितलेल्या जागी झुडपांत पाचजण धरले गेले. उद्धवरावांच्या नावाचा तो कागद मागे घेतला गेला. दोन दिवसांनी फोटो काढला. मधोमध श्याम आणि त्याची रायफल, बाजूला मास्तर, कडेला उद्धवराव. मी त्यांच्या पाठीमागे धरलेली होते. फोटोत माझ्या दांड्याचे टोकही आले नाही.

संध्याकाळी श्याम बाकापाशी आला. त्याने मला झाडूशेजारून उचलले आणि तेलाच्या फडक्याने डोक्यापासून दांड्यापर्यंत पुसले. "काका, ही नसती तर मी परवा पुन्हा त्या माळावर असतो," तो म्हणाला. मला बरे वाटायला हवे होते. पण ते माझेच फडके होते आणि त्याला आता रायफलीचा वास येत होता.

१९८१ साली उद्धवराव निवृत्त झाले. मला निकामी ठरवून त्यांच्या हवाली केले. आता मी त्यांच्या घरी कपाटावर असते. तिथून रूळ दिसत नाहीत. फक्त मालगाडी गेली की भिंत थरथरते, आणि मी चाके मोजते.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. जे हत्यार सगळ्यांना दिसते त्याला तेलपाणी मिळतेच. जे रोज मुकाट्याने खपते, त्याचीही आठवण ठेवा. त्याला ओलांडून जाऊ नका. आणि कुणाचे वाईट चिंतण्याआधी ते कुणाच्या हातात आहे तेवढे पाहा. माझ्या मत्सराची किंमत सात टाके होती, असे मला अजून वाटते. हातोडीच्या मनात आले म्हणून दगड पडत नाहीत, हे मला कळते. तरी वाटते.

गेल्या महिन्यात श्याम उद्धवरावांना भेटायला आला होता. उद्धवरावांची मुलगी चित्रा शाळेत विज्ञान शिकवते. तिने दांडा काढून माझे डोके शाळेच्या तराजूत तोलून आणले होते. मग तिने श्यामला विचारले, की चिंचवडला असताना त्या रायफलीतून एकूण किती गोळ्या झाडल्या. दोन्ही आकडे तिने एका कागदावर लिहून माझ्याखाली ठेवले आहेत.

हातोडी, एकोणीस वर्षांतली झीज : एकेचाळीस ग्रॅम.

रायफल, तेरा वर्षांत झाडलेल्या गोळ्या : शून्य.