याकूबचाचाची कानस

याकूबचाचाला दुरुस्तीतलं काही शिकवायला जावं, एवढी रोह्यात कुणाची छाती नव्हती. चाळीस वर्षं रेडिओ, टीव्ही, मिक्सर उघडत आलेला माणूस! दुबईहून मुलानं, अहमदनं, डाग द्यायचं नवं सोल्डरिंग स्टेशन, आयर्न आणि गनसकट, पाठवलं आणि फोनवर बजावलं, "अब्बा, ह्याच्या टोकाला कानस लावायची नाय. ओल्या स्पंजावर पुसायचं, बंद करताना वर थोडं सोल्डर ठेवायचं." चाचा हसला. "अरे जा! तू जन्मायच्या आधीपासून डाग देतोय मी."

झालं. रोज सकाळी दुकान उघडलं की कानस, तीही कशी मायेनं! जुन्या आयर्नचं तांब्याचं टोक घासलं की चकचकायचं, हेही चकचकलं. डाग वितळवून ओढून घेणाऱ्या गनच्या तोंडाला पॉलिशपेपर. महिनाभर बरं चाललं. मग टोक सोल्डर धरेना, तशी चाचानं उष्णता वाढवली आणि आणखी घासलं. वरचा लोखंडाचा पातळ मुलामा केव्हाच उडालाय, हे त्या हट्टी माणसाच्या डोक्यात यावं कसं?

एकवीस सालचा एप्रिल. बाजार बंद, दवाखान्यांत एक खाट रिकामी नाही. दुपारी निडी गावचा दिनानाथ अर्ध्या शटरखालून वाकून आत आला. घरी त्याच्या आईला, धोंडुबाईला, लावलेलं ऑक्सिजनचं मशीन सकाळी बंद पडलं होतं. कुणाकडून तरी मागून आणलेला सिलिंडर संध्याकाळपर्यंत पुरणार होता. मशीनच्या आतली सर्किटची पाटी त्यानं पिशवीतून आणली होती.

"चाचा, पेण, पनवेल, सगळीकडे फोन लावले. तुमच्याशिवाय कोन नाय."

चाचानं मीटर लावला. रिले, वीज चालू-बंद करणारी डबी, जळला होता. तसलाच रिले खोक्यात निघाला. "अर्ध्या तासाचं काम," चाचा म्हणाला, आणि दिनानाथनं भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले.

चाचानं गन टेकवली. डाग वितळेना. उष्णता साडेचारशे डिग्रीवर नेली, तरी वितळेना. मग त्यानं जोर लावला, हलवलं, पुन्हा दाबलं. करपल्याचा वास सुटला. रिले एकदम सुटून हातात आला, आणि त्याच्यासोबत पाटीवरच्या तांब्याच्या पट्ट्याही सालीसारख्या उचकटून आल्या. शेजारची चिप भाजून काळी पडली होती. तसली चिप रोह्यात काय, पनवेलातही मिळायची नव्हती.

अल्ला! चाचानं अहमदला फोन लावला, काय झालं ते सांगितलं.

"अब्बा, कानस लावली होती का?"

चाचानं फोन ठेवला.

"दिनानाथ," तो त्याच्याकडे वळला. "पोरा, माझ्या हातून गेलं रे. हे आता चालू व्हायचं नाय. चूक माझी हाय."

दिनानाथनं पाटीकडे पाहिलं, मग चाचाकडे. त्यानं शिव्या घातल्या असत्या, गचांडी धरली असती, तर चाचाला बरं वाटलं असतं. त्यानं नुसतं स्टूल ओढलं आणि जवळ येऊन बसला.

"घाबरू नका, चाचा," तो समजुतीनं म्हणाला. "तुमच्या हातून कधी काय बिघडलंय का? अजून टाइम हाय. तुम्ही करा सावकाश, मी हितंच बसतो."